अरळीकट्ट्यावरचा ज्ञानकोश

इ. स. १६०४ मध्ये ‘विवेकचिंतामणी’ या कानडी ग्रंथाचे मराठीत भाषांतर झाले. मूळ ग्रंथ पंधराव्या शतकातला, निजगुण शिवयोगी यांचा. अधिकारपद सोडून विरक्त झालेल्या या सत्पुरुषाचे नाव दक्षिण कर्नाटकातल्या येळंदूरजवळच्या शंभुलिंग टेकडीशी जोडले जाते. ग्रंथाच्या नावावरून तो निव्वळ वेदान्तपर वाटतो, आणि अध्यात्म त्यात आहेच. पण त्याची मांडणी कोशाची आहे. सुमारे दीड हजार विषय त्यात प्रकरणवार लावून दिलेले आहेत, अगदी संगीत आणि काव्यशास्त्रापर्यंत. म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाआधी तीन शतके मराठी वाचकाच्या हाती एक कोशवजा ग्रंथ पडला होता, आणि तो कानडीतून आला होता. आपल्याकडच्या कोशवाङ्मयाच्या इतिहासात ही गोष्ट सहसा एका ओळीत उरकली जाते. काही ठिकाणी तीही ओळ नसते.

मी सोलापूरचा. घरात मराठी, शेजारी कानडी आणि बाजारात तेलुगू असे हे गाव. कानडी बोलणे कानावर पडून आले. वाचणे मात्र विजापूर-कलबुर्गीच्या बसच्या पाट्यांवरून सुरू झाले आणि पुढे जुन्या पुस्तकांवर घासून पक्के केले. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. ज्याला ग्रंथालयाचे ओळखपत्र मिळत नाही अशा माणसाचे विद्यापीठ म्हणजे कोश. म्हणून कोश कसे जन्मतात, कसे वाढतात आणि कुठे अडतात याबद्दल मला कुतूहल आहे. गेली काही वर्षे मी कन्नड विकिपीडिया या महाजालावरच्या ज्ञानकोशाची वाढ पाहतो आहे. आधी वाचक म्हणून पाहत होतो. पुढे लक्षात आले की इतिहासाच्या अभ्यासकाला इतके सोयीचे दफ्तर दुसरीकडे मिळणार नाही.

का, ते सांगतो. छापील कोशाचा खंड हातात येतो तेव्हा तो पूर्ण झालेला असतो. नोंद कोणी लिहिली, किती वेळा खोडली, संपादकाने काय गाळले, हे कागद बहुधा रद्दीत गेलेले असतात. विकिपीडियावर प्रत्येक पानाला ‘इतिहास’ नावाची एक कळ असते. ती दाबली की त्या पानात झालेला प्रत्येक बदल, त्याची तारीख, वेळ आणि करणाऱ्याचे नाव किंवा टोपणनाव खाली उतरत्या क्रमाने दिसते. काना-मात्रेची दुरुस्तीसुद्धा नोंदलेली असते. पेशवे दफ्तराचे रुमाल सोडणाऱ्यांना असे दफ्तर मिळाले असते तर काय झाले असते, असा विचार मनात येतो खरा. या याद्या वाचता वाचता माझे एक मत बनत गेले. कोशाची वाढ लेखांच्या संख्येवरून कळत नाही. लिहून झालेल्या पानाकडे दुसऱ्यांदा कोण आले, यावरून ती कळते.

पण त्याआधी कागदाकडे पाहावे लागेल, कारण कन्नड विकिपीडिया काही रिकाम्या जागेवर उभा राहिलेला नाही. १८९४ मध्ये मंगळूरच्या बासेल मिशनच्या छापखान्यातून फर्डिनांड किटेल यांचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश बाहेर पडला. तो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. त्याच किनारपट्टीवर, पुत्तूरला राहून, कोटा शिवराम कारंत यांनी १९३६ मध्ये मुलांसाठी ‘बालप्रपंच’ तीन खंडांत काढला. मराठी वाचकाला कारंत माहीत आहेत ते कादंबरीकार म्हणून, ज्ञानपीठाचे मानकरी म्हणून. त्यांनी एकहाती ज्ञानकोश रचला हे फारसे माहीत नसते. ‘बालप्रपंच’नंतर वीसेक वर्षांनी त्यांनी मोठ्यांसाठी ‘विज्ञान प्रपंच’ लिहायला घेतला आणि त्याचे चार खंड केले. केतकरांनी त्यांच्या कामासाठी मंडळ काढले, भागभांडवल जमवले, गावोगाव वर्गणीदार मिळवले आणि १९२० ते १९२७ या काळात तेवीस खंड पुरे केले. कारंतांचा मार्ग वेगळा. माणूस एक, विषय सगळे जग. दोघांच्या हट्टाचे कूळ मात्र मला एकच वाटते.

पुढच्या पिढीत निरंजन या टोपणनावाने लिहिणाऱ्या कादंबरीकाराने तरुण वाचकांसाठी ‘ज्ञानगंगोत्री’ हा सात खंडांचा कोश संपादित केला. आणि म्हैसूर विद्यापीठाच्या कन्नड अध्ययन संस्थेने चौदा खंडांचा ‘कन्नड विश्वकोश’ हाती घेतला. त्याला काही दशके लागली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मराठी विश्वकोशाची चाल ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. ‘अ’चा खंड वाचणारा मुलगा ‘ह’चा खंड येईपर्यंत आजोबा होतो, असे विनोदाने म्हणतात, त्यात विनोद थोडाच आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, कन्नड विकिपीडिया. पाळण्यातली जवळजवळ जुळी भावंडे. पण सुरुवातीला कन्नडचे हाल जास्त झाले आणि त्याचे कारण लिपी. संगणकाला देवनागरी समजू लागली ती विंडोज २००० मध्ये. कन्नडला एक्सपीची वाट पाहावी लागली. कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन लहान होऊन खाली लोंबते, त्याला ‘ओत्तक्षर’ म्हणतात. आपला रफार डोक्यावर बसतो, त्यांचा ‘अर्कावत्तु’ अक्षराच्या उजव्या बाजूला उभा राहतो. हे सगळे संगणकाने जुळवून दाखवायचे. ‘कन्नड’ या शब्दातच जोडाक्षर आहे. जुळणी बिघडली की भाषेचे नावच मोडके दिसायचे.

टंकलेखनाची अडचण मात्र कानडी माणसांनी आपल्या आपण सोडवली होती आणि हा त्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. के. पी. राव यांनी उच्चारानुसारी कळफलकाची अशी रचना केली की इंग्रजीच्या सव्वीस कळांवर कन्नडची सगळी अक्षरे बसली. तिच्यावर त्यांनी मालकी सांगितली नाही. पुढे कर्नाटक सरकारने तीच रचना प्रमाण मानली आणि कन्नड गणक परिषदेच्या ‘नुडी’ या मोफत प्रणालीतून ती कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचली. १९९८ मध्ये शेषाद्री वासू यांनी ‘बरह’ ही प्रणाली आणली, तीही घरोघरी गेली. नुडी म्हणजे बोल, बरह म्हणजे लिखाण. नावे ठेवताना ही मंडळी इंग्रजीकडे गेली नाहीत.

तरी एक ग्यानबाची मेख राहिलीच. नुडी आणि बरहमध्ये सुरुवातीला जो मजकूर साठवला जाई तो आतून रोमन अक्षरांचाच असे, वर कन्नडचा मुखवटा. दुसऱ्या संगणकावर तो मुखवटा नसला की नुसता चिखल. दिवाळी अंकाच्या संपादकांना ही व्यथा समजावून सांगायला नको. श्रीलिपीत आलेला लेख युनिकोडमध्ये नेताना त्यांनी काय भोगले आहे ते त्यांनाच ठाऊक. त्यामुळे कर्नाटकात दहा वर्षांचे कन्नड लेखन संगणकावर होते आणि तरीही ज्ञानकोशाला ते सरळ उपयोगाचे नव्हते.

पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पानांचे इतिहास वाचले तर तीच ती मोजकी नावे पुन्हा पुन्हा भेटतात. सुरुवातीच्या प्रचालकांपैकी हरिप्रसाद नाडिग यांचे नाव सर्वांना माहीत आहे. २००६ च्या एप्रिलमध्ये बंगळुरात या मंडळींची पहिली जाहीर बैठक झाली आणि कन्नड वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली. तोवर पडद्यावरच ओळख असलेली माणसे समोरासमोर बसली. त्यांच्या चर्चेच्या पानाचे नावही पाहण्यासारखे आहे. मराठी विकिपीडियावर चर्चेच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘अरळीकट्टे’, म्हणजे पिंपळाचा पार. आपला ‘कट्टा’ या कट्ट्याचाच भाऊ. चावडीवर पाटील-कुलकर्णी असतात, सारा भरावा लागतो. पारावर कोणीही येऊन बसावे. नावांवरून स्वभाव काढणे बरे नाही, पण मला हा फरक गमतीचा वाटतो.

यानंतरचे प्रकरण मात्र गमतीचे नाही. २००८ च्या सुमारास गूगलने काही भाषांच्या विकिपीडियांत भाषांतरित लेख भरण्याचा उपक्रम सुरू केला. हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती, अरबी, स्वाहिली अशा त्या भाषा. पैसे घेऊन काम करणारे भाषांतरकार आणि त्यांच्या हाताशी गूगलचे भाषांतर-साधन, अशी योजना होती. लोक महाजालावर काय शोधतात ते पाहून विषय ठरत. हेतू दुहेरी होता: छोट्या भाषांत वाचायला काही मिळावे आणि यंत्राला शिकायला भाषांतराचे नमुने मिळावेत. लेख आले ते लांबच लांब, इंग्रजी लेखाचे शेपूट-शिंगांसकट भाषांतर. परदेशी गायक, नट, औषधे, कंपन्या. ज्या कोशात आपल्या तालुक्याच्या नदीवर चार ओळी नाहीत, तिथे हॉलिवुडच्या नटीवर पंचवीस पाने.

भाषेचे काय झाले ते कानडी व्याकरण जाणणाऱ्याला लगेच कळते. मराठीत ‘जो मुलगा काल आला, तो’ असे म्हणता येते. कन्नडची सहज रीत तशी नाही. तिथे ‘बंद हुडुग’, म्हणजे ‘आलेला मुलगा’, असे विशेषण नामाच्या आधी लावतात. इंग्रजीतले ‘जो, ज्याने, ज्याच्यामुळे’ असे शेपटीला जोडलेले वाक्य कन्नडमध्ये आणायचे तर ते उलटून नामाच्या पुढे घ्यावे लागते, किंवा तोडून दोन-तीन वाक्ये करावी लागतात. तोडण्याला वेळ आणि जाण लागते. शब्दावर मोबदला असला की वाक्य तोडायला कोण बसतो? मग चार चार विशेषणवाक्ये नामाच्या डोक्यावर रचली जातात आणि कर्ता सापडेपर्यंत वाचकाला धाप लागते. शब्द सगळे कन्नड, वाक्य मात्र कोणाचेच नाही.

बंगालीच्या संपादकांनी असे लेख काढून टाकण्याची भूमिका घेतली. तमिळच्या मंडळींनी दोषांची टाचणे काढून गूगलशी बोलणी केली. कन्नडचे संपादक मूठभर. त्यांच्यापुढे आलेला ढीग उपसण्याइतके हातच नव्हते. कित्येक लेख तसेच राहिले. मी वाचलेल्या अशा पानांचे इतिहास जवळजवळ सारखे आहेत: एका दिवशी प्रचंड मजकूर पडतो, नंतर एखादे यंत्रचलित खाते येऊन दुवे नीट करते, आणि मग वर्षानुवर्षे शांतता. माणूस फिरकत नाही. कोशाचे वजन वाढले, पण वाचक वाढले असे म्हणवत नाही. त्या भाषांतरकारांना मी दोष देत नाही. त्यांना काम मिळाले, त्यांनी केले. चूक असलीच तर ती विषय निवडणाऱ्याच्या कल्पनेत होती. जे लोक इंग्रजीत शोधतात तेच त्यांना आपल्या भाषेतही हवे असणार, ही ती कल्पना.

त्याच काळात कर्नाटकात दुसरीही एक हालचाल चालू होती. राज्याच्या ज्ञान आयोगाने ‘कणज’ नावाचा महाजालावरचा कोश काढला. कणज म्हणजे धान्याचे कोठार. आपली कणगी आठवतेच. सरकारी कोठारात धान्य चांगले असते, पण कुलूपही असते: वाचता येते, भर घालता येत नाही. तरी एक विचार त्यातून पुढे आला की सार्वजनिक पैशाने तयार झालेले ज्ञान पुन्हा सार्वजनिक व्हायला हवे.

हा विचार प्रत्यक्षात उतरला तो परवान्याच्या रूपाने. परवाना हा शब्द रूक्ष आहे, पण या इतिहासात त्याचे महत्त्व छापखान्याइतके आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाचा एक परवाना असा आहे की मूळ कर्त्याचे नाव द्यावे आणि पुढच्यालाही तीच मोकळीक ठेवावी, एवढ्या अटीवर कोणीही मजकूर वापरावा, सुधारावा, पुन्हा छापावा. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोशाचे चार खंड अशा परवान्याखाली मोकळे केले. पाठोपाठ म्हैसूर विद्यापीठानेही आपल्या कन्नड विश्वकोशाचे काही खंड खुले करायचे ठरवले. बंगळुरातल्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने दोन्हीकडे मध्यस्थाचे काम केले. निरंजन यांच्या कुटुंबीयांनी त्यांची पन्नासाहून अधिक पुस्तके याच रीतीने मोकळी केली. वचनसाहित्याच्या बाबतीत ‘वचन संचय’ या प्रकल्पाने वीस हजारांहून अधिक वचने शोधता येतील अशा रूपात महाजालावर आणली. बसवेश्वरांचे मंगळवेढ्याशी नाते सांगणाऱ्या आपल्या भागात त्याची म्हणावी तितकी चर्चा झाली नाही.

खंड मोकळे झाले म्हणजे काम संपले असे नाही. तिथून ते सुरू होते. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, अक्षर न् अक्षर तपासायचे, विकिस्रोत या सहप्रकल्पावर ठेवायचे, आणि मग त्यातले घेण्यासारखे विकिपीडियाच्या लेखात घ्यायचे. घेताना विवेक लागतो. छापील नोंदीतली गावाची लोकसंख्या पन्नास वर्षांपूर्वीची असते. जिल्ह्यांची नावे आणि सीमा बदललेल्या असतात. म्हैसूर राज्याचे कर्नाटक झालेले असते. छापील कोशातला विद्वान नोंदीत आपले मत मांडतो, विकिपीडियाला मत चालत नाही, आधार लागतो. हे काम यंत्राने किंवा मोबदल्याने उरकत नाही. त्या गावचा, त्या विषयाचा माणूस लागतो. अशा पानांच्या इतिहासात मला वेगळे चित्र दिसते. एकाने विश्वकोशातली नोंद आणून ठेवली, दुसऱ्याने आकडा बदलला, तिसऱ्याने देवळाचे छायाचित्र लावले, चौथ्याने पाचवरचा वाद उकरून काढला. भांडण झाले म्हणजे दोन माणसे तरी पान वाचत होती.

महाविद्यालयांचा प्रयोग या दोहोंच्या मधला. बंगळुरच्या क्राइस्ट विद्यापीठात द्वितीय भाषा म्हणून कन्नड घेतलेल्या विद्यार्थ्यांना अभ्यासाचा भाग म्हणून विकिपीडियावर लिहायला लावले गेले. किनारपट्टीवर, मंगळूर आणि मूडबिद्रीच्या महाविद्यालयांतही असेच वर्ग झाले. शेकडो खाती उघडली गेली. गुण मिळाले की त्यातली बरीच कायमची निजली. सत्र संपल्याची तारीख पानाच्या इतिहासावरून ओळखता येते. पण शंभरातली दोन-चार मुले टिकली आणि मूठभरांच्या कोशात दोन-चार माणसे म्हणजे थोडी नव्हेत. किनारपट्टीवर तर ‘करावळी विकिमीडियन्स’ असा गटच उभा राहिला. किटेलचा छापखाना आणि कारंतांचे पुत्तूर याच पट्ट्यात येतात. यक्षगानावर आधार द्यायचा तर कारंतांचे ‘यक्षगान बयलाट’ हे पुस्तक हाताशी असते. जिथे छापील पुस्तकांची बैठक आहे तिथे पडद्यावरचा कोश भराभर वाढतो. जिथे ती नाही, तिथे ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लागून लेख अडतो. उत्तर कर्नाटकातल्या कित्येक गावांच्या पानांवर मला ही पाटी दिसते, आणि आमच्या अक्कलकोट-जतकडच्या कानडीबद्दल तर लिहिणारेच सापडत नाहीत.

आता आकड्यांबद्दल थोडे, कारण वाचक विचारणारच. २०११ च्या जनगणनेत कन्नड मातृभाषा सांगणारे ४ कोटी ३७ लाख होते, मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख. कन्नड विकिपीडियावर आज तीस हजारांच्या पुढे लेख आहेत. मराठीत त्याच्या जवळजवळ तिप्पट. हे वाचून आपली कॉलर ताठ होण्याआधी मराठीतली गावांची पाने उघडून पाहावीत. अमुक हे गाव तमुक तालुक्यात आहे, एवढे एक वाक्य, आणि खाली हवामान-लोकजीवन अशी कोरी शीर्षके किंवा सगळ्या गावांना सारखाच मजकूर. असे हजारो लेख आपण संख्येत मोजतो. कन्नडला परक्या भाषांतराचा फुगवटा आला, आपल्याला कोऱ्या पाट्यांचा.

कन्नड विकिपीडियाच्या पोटातून आणखी एक कोश जन्माला आला, तो तुळूचा. दक्षिण कन्नड, उडुपी आणि केरळच्या कासरगोड भागात बोलली जाणारी ही भाषा. २०११ मध्ये बोलणारे सुमारे साडेअठरा लाख. घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. नव्या भाषेचा विकिपीडिया एकदम सुरू होत नाही. आधी तो उबवण-केंद्रात ठेवतात, आणि वेगवेगळी माणसे महिन्यामागून महिने तिथे येऊन लिहीत राहिली तरच त्याला स्वतंत्र घर मिळते. एकाच दिवशी ढीगभर लेख टाकून भागत नाही. तुळू तिथे कित्येक वर्षे राहिली. कन्नडमध्ये हात बसलेली किनारपट्टीची माणसे तिकडे वळली, उडुपीच्या गोविंद पै संशोधन केंद्राने काढलेला सहा खंडांचा तुळू निघंटू शब्दांच्या आधाराला होताच, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तुळू विकिपीडिया उघडला. तो कन्नड लिपीत लिहिला जातो, त्यामुळे मलाही तो अक्षरे लावून वाचता येतो, अर्थ निम्माच लागतो. मात्र त्यातल्या पानांचा इतिहास उघडला की कन्नडमध्ये भेटलेली बरीच नावे तिथे पुन्हा दिसतात.